घरच्या लिनक्स मशीनला कोणता टेप ड्राइव्ह चालेल?

रानपाखरू:
मंडळी, जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून घरचा सर्व्हर केलाय. आईबाबांच्या लग्नाच्या व्हिडिओपासून माझ्या रॉ फोटोंपर्यंत 5 टीबीच्या आसपास डेटा आहे आणि सगळा हार्डडिस्कवरच. मागे एक डिस्क अचानक गेली तेव्हापासून जिवाला घोर आहे म्हणून एक कॉपी टेपवर हवी. वापरलेले दोन एलटीओ-5 (बॅकअप टेपच्या एलटीओ प्रकाराची पाचवी पिढी) ड्राइव्ह बघून ठेवलेत, एक सॅस आणि एक फायबर चॅनल (कॉम्प्युटरला जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती), फायबरवाला बराच स्वस्त आहे. विकणारा म्हणतो विंडोज सर्व्हरवर चालतो, लिनक्सची गॅरंटी नाही. कोणता घेऊ? यूएसबीला जोडता येईल का?

टर्मिनलवाला:
लिनक्सची काळजी सोडा. ड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा असो, तो एससीएसआय या ठरलेल्या भाषेतल्याच कमांड ऐकतो आणि कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एसटी हा टेपचा ड्रायव्हर त्याला लगेच ओळखतो. घोडं अडतं ते कार्डापाशी. सॅस ड्राइव्हला सॅसचंच एचबीए कार्ड (मदरबोर्डमध्ये बसवायचं जोडणीचं कार्ड) लागतं, मदरबोर्डच्या साटा (साध्या हार्डडिस्कच्या) पोर्टला किंवा यूएसबी-साटा अडॅप्टरला लावून तो चालत नाही. एलएसआयचं 9207-8ई सेकंडहँड बघा, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड मात्र घेऊ नका, त्यातली बरीचशी टेप ड्राइव्ह लिनक्सला धड दाखवतच नाहीत. आणि पैसे देण्याआधी ड्राइव्हच्या मागच्या कनेक्टरचा फोटो मागवा, एक्स्टर्नल असेल तर बहुतेक एसएफएफ-8088 प्रकारचा असतो, केबल त्याप्रमाणे घ्या.

कोकणकडा:
फायबरवाला स्वस्त दिसतो कारण तो बहुतेक टेप लायब्ररीतून (अनेक टेप आपोआप बदलणाऱ्या मोठ्या यंत्रातून) काढलेला असतो. त्याला स्वतःची केस नाही, पॉवर सप्लाय नाही, वर फायबरचं कार्ड वेगळं. सॅसच घ्या.
टेपवर 3 टीबी छापलेलं असतं ते कॉम्प्रेशन धरून, खरी जागा 1.5 टीबी, फोटो-व्हिडिओ काही दाबले जात नाहीत, म्हणजे तुम्हाला चार टेप. बजेट असेल तर एलटीओ-6 बघा, 2.5 टीबी बसतात, एलटीओ-5 वर लिहिता येतं आणि एलटीओ-4 वाचताही येते. एलटीओ-8 पासून हा नियम बदलला, तो फक्त 7 आणि 8 घेतो, त्यामुळे जुन्या टेप स्वस्तात मिळाल्या म्हणून नवा ड्राइव्ह घेऊ नका.

रानपाखरू:
धन्यवाद दोघांनाही, सॅस नक्की. घेताना तपासू काय?

टर्मिनलवाला:
क्लीनिंगचा दिवा लागलाय का बघा. मग एमटी स्टेटस (ड्राइव्हची स्थिती दाखवणारी कमांड) चालवा, आणि एक टेप पूर्ण भरून परत वाचून चेकसम (डेटा तोच आहे का दाखवणारा आकडा) जुळवा, विकणारा तयार नसेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर लिनक्समध्ये ड्राइव्हची दोन नावं दिसतील, त्यातलं एसटी0 नाही, एनएसटी0 वापरा, कारण एसटी0 काम झालं की टेप आपोआप गुंडाळतं आणि पुढचा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो!! डेटा टारमधून (फायली एकत्र बांधणारी कमांड) एमबफर (डेटा मेमरीत साठवून सलग पुढे सोडणारा प्रोग्राम) लावून पाठवा, फायली हळू आल्या की टेप सारखी थांबून मागे जाते, त्यात टेपही झिजते आणि हेडही.