दिव्यांग मुलांनी गावच्याच शाळेत शिकावं का?

पायवाट:
माझी भाची दुसरीत आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेने हालचालींवर ताबा कमी असल्यामुळे, वॉकर धरून चालते. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाळेने तिला व्यासपीठावर बसवलं, गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढले. आठवड्याने सहल निघाली तेव्हा निरोप आला, "तिला घरीच ठेवा, जबाबदारी कोण घेणार?" वर्षातून एक दिवस भाषणं करून जाणीव येत नाही. तिच्या वर्गातल्या मुलींनी लगोरीत आपणच नियम काढला: चेंडू ही मारणार, पळणार दुसरी. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्या रोज हिच्या शेजारी बसतात एवढंच. अशा मुलांना आपल्याच गावच्या शाळेत घ्या आणि सगळ्यात घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ खेळ आणि करमणुकीतही बरोबरीची संधी द्या म्हणतं. सहल त्यातच आली ना?

खडूफळा:
ताई, निरोप चुकीचाच होता. पण वर्गात येऊन बघा. आमची शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार. माझ्याकडे बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा आहे. विशेष शिक्षक तालुक्याहून महिन्यातून एक-दोनदा येतात. एरवी त्याला शी झाली तर मीच धुतो, तेवढा वेळ दोन वर्ग उघडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. माझ्यापर्यंत तो शिक्षक पोचलेला नाही. माणूस न देता नुसतं मूल वर्गात बसवणं हा त्या मुलावरच अन्याय आहे. त्यापेक्षा विशेष शाळा बरी.

निःशब्द:
मी कर्णबधिर आहे. चौथीपर्यंत गावच्या शाळेत होतो. कुणी चिडवलं नाही, सगळे प्रेमाने वागायचे. पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि मी शेजाऱ्याची वही उतरवून काढायचो. पाचवीला जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेत गेलो. वसतिगृहात पहिल्याच रात्री मुलं अंधारात टॉर्च लावून हातांनी गप्पा मारत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा भाषा मिळाली. त्या शाळेला "वेगळं पाडणं" म्हटलेलं मला सहन होत नाही.

पायवाट:
दादा, तुमचं पटलं. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होते. पण भाचीला भाषा आहे, मैत्रिणी आहेत. तिला लागतो तो उतार आणि कमोड. त्यासाठी सात वर्षांच्या पोरीला वसतिगृहात धाडायचं? त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड मुलाची. सोय नाही म्हणून विशेष शाळेत जावं लागलं तर ती निवड कसली?

एक_पालक:
स्पष्ट लिहितो. अशा एका मुलाकडे लक्ष देताना बाकीच्या तिसांचा अभ्यास बुडतो. आमच्याही मुलांचा विचार व्हावा.

खडूफळा:
हे मात्र मान्य नाही. माझ्या वर्गाचा अभ्यास बुडतो तो निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामांमुळे, माहिती भरण्यामुळे. त्या पोराच्या नावावर ते खपवू नका. त्याच्यासाठी मी मणी आणि काड्या आणल्या, तेव्हा वजाबाकी अडलेली आणखी पाच मुलं शिकली. माझं भांडण मदतनिसासाठी आहे, त्या मुलाशी नाही.

पायवाट:
मग ते भांडण शाळा व्यवस्थापन समितीत न्या. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ पासून दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, आणि त्या घटकातल्या पालकांना समितीत प्रमाणात जागा द्यायची असते. तुमच्या समितीत त्या मुलाची आई आहे का?

खडूफळा:
नाही. ती मजुरीला जाते, बैठक दुपारी असते. पुढची संध्याकाळी ठेवायला सांगतो. मदतनिसाच्या मागणीचा ठराव तिनेच मांडावा, आणि त्याच दिवशी सहलीचंही ठरवू.