आई भाकरी थापायला बसली की पट्टा नाडी १२८ दाखवतो. काय करू?

ज्वारी_सिग्नल:
मंडळी, ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) शेवटचं वर्ष चालू आहे. प्रोजेक्ट मनगटावर नाडी मोजणाऱ्या पट्ट्याचा. कातडीवर प्रकाश टाकून नाडी ओळखणारा मॅक्स३०१०२ सेन्सर, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर), आणि हालचाल कळावी म्हणून एमपीयू६०५०. कॉलेजात टेबलावर हात ठेवून दाखवलं की झकास चालतं, सरही खूश. दिवाळीला बार्शीला घरी आलो आणि हौसेने पट्टा आईच्या हातात बांधला.

संध्याकाळी ती भाकऱ्यांना बसली आणि आकडा ७८ वरून सरळ १२८. माझ्या पोटात गोळा आला. तिचा पिठाचा हात धरून बोटांनी नाडी मोजली: १५ सेकंदांत २१ ठोके, म्हणजे ८४. "काय झालं रे मेल्या, तवा तापलाय," म्हणत तिने हात सोडवून घेतला. मग मी नुसता थापण्याचा आवाज मोजला. १५ सेकंदांत ३२ थापा. मिनिटाला १२८! म्हणजे माझा पट्टा आईची नाडी मोजतच नाहीये, भाकरी मोजतोय.

आतापर्यंत केलेलं: बँडपास फिल्टर लावला, जो फक्त ०.५ ते ४ हर्ट्झ (सेकंदाला इतकी आवर्तनं) जाऊ देतो, काही फरक नाही. मग एनएलएमएस फिल्टर (हालचालीचा संदर्भ बघून ती वजा करायला आपणच शिकणारा) लिहिला, एमपीयूचे तिन्ही अक्ष संदर्भ म्हणून दिले. तरी १२८. सेन्सर सेकंदाला १०० नमुने घेतो. त्याचा फिफो (नमुने रांगेत साठवणारी छोटी मेमरी) भरला की मी ३२ नमुने एकदम उचलतो आणि तेव्हाच एमपीयू वाचतो. एक कोडं मात्र सुटत नाही: एमपीयूच्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या वेगाची हालचाल किती, हा आलेख) सगळ्यात मोठं शिखर १२८ ला नाही, ६० च्या आसपास येतं. महिनाअखेरीला रिव्ह्यू आहे.

घाट_धावक:
हे आम्हा पळणाऱ्यांचं जुनं दुखणं आहे. पावलं मिनिटाला १७० पडत असली की घड्याळ नाडीही १७० दाखवतं, आणि आपण उगाच वेग कमी करतो. छातीचा पट्टा कुणाकडून तरी उसना आण. तो हृदयाचे विद्युत ठोके पकडतो, प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही. खरा आकडा समोर असल्याशिवाय फिल्टर सुधारला की बिघडला हे कळणार कसं? ६० चं म्हणशील तर चालताना दोन पावलांमागे हाताचा एकच पूर्ण झोका होतो, म्हणून निम्मा आकडा येतो. तुझंही तेच असेल.

पोळपाट:
मला त्या फिल्टरमधलं काही कळत नाही. पण पट्टा कुठल्या हातात बांधलास? भाकरी उजव्या हाताने थापतात, डावा नुसता कडेला असतो. डाव्या हातात बांधून बघ की.

जुना_सोल्डर:
पोळपाटताईंनी तुझा अर्धा प्रोजेक्ट एका ओळीत सोडवला. उरलेल्याचं सांगतो.

बँडपासवर आशा ठेवू नकोस. ०.५ ते ४ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३० ते २४०. नाडीही त्यातच, भाकरीही त्यातच. चाळणीच्या भोकातून दोन्ही पडणार.

आता ६० चं कोडं. धावकराव म्हणतात तसं निम्मं असतं तर ६४ आलं असतं. तुला ६० दिसतंय, आणि खरी गोम या चाराच्या फरकात आहे. १०० च्या वेगाने ३२ नमुने भरायला ०.३२ सेकंद लागतात. एमपीयू तू त्या वेळी एकदाच वाचतोस, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३.१२५ वेळा. आईचं थापणं २.१३ हर्ट्झ. इतक्या कमी नमुन्यांत ते मावतच नाही, आणि ३.१२५ उणे २.१३ म्हणजे ०.९९ हर्ट्झ असं खोटं रूप घेऊन येतं. तेच तुझे ६०. ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो ना, तसलाच प्रकार. बिचाऱ्या एनएलएमएसला तू खोटा साक्षीदार दिलास, तो भाकरी ओळखणार कशी?

एमपीयू६०५० लाही स्वतःचा फिफो आहे, १०२४ बाइटचा. फक्त तीन अक्षांचं त्वरण ठेवलंस तर नमुन्याला ६ बाइट, म्हणजे १७० नमुने मावतात. आतला लो-पास (जलद थरथर गाळणारा फिल्टर) चालू ठेवून रेट डिव्हायडर (नमुन्यांचा वेग ठरवणारी सेटिंग) ९ ला लाव, न चुकता सेकंदाला १०० नमुने येतील. मग दोन्ही फिफो एकाच फेरीत रिकामे कर. दोघांची घड्याळं वेगळी आहेत, हळूहळू सरकतील, म्हणून अधूनमधून नमुन्यांची संख्या ताडून बघ. संदर्भातून गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग काढायला विसरू नकोस.

पण कोडच्या आधी हात बघ. नाडीमुळे प्रकाशात होणारा बदल एकूण प्रकाशाच्या फार तर एक-दोन टक्के. सेन्सर कातडीवरून केसभर सरकला तरी त्याच्या कितीतरी पट बदल होतो. शिवाय थाप बसली की शिरांमधलं रक्त हिंदकळतं, आणि तेही सेन्सरला ठोक्यासारखंच दिसतं. आईच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत का? त्या पट्ट्यावर आपटत असतील. मनगटाच्या हाडापासून तीन बोटं वर, मांसल भागावर बांध. सेन्सरभोवती काळ्या फोमची कडी लाव. आवळून बांधू नकोस, रक्तच दाबलं जाईल.

बोर्ड बदलणं जमलं तर हिरवा एलईडी असलेला मॅक्स३०१०१ बघ. तुझ्याकडच्यात ६६० चा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आहे. ते खोलवर जातात आणि आतली हालचालही गोळा करून आणतात. हिरवा वरच्या थरातच राहतो आणि रक्त त्याला जास्त शोषतं. सावळ्या कातडीवर मात्र त्याचा करंट वाढवावा लागतो.

सरावाला डेटा हवा असेल तर २०१५ च्या आयईईई सिग्नल प्रोसेसिंग कप या स्पर्धेचा डेटा शोध. ट्रेडमिलवर धावणाऱ्यांचं मनगट, त्वरण आणि ईसीजी, सगळं १२५ हर्ट्झला एकत्र आहे.

ज्वारी_सिग्नल:
दादा, बांगड्या! सहा-सहा आहेत. रेकॉर्डिंग लावून ऐकलं तर थापेच्या जोडीने खळ्ळ असा आवाज पट्ट्यावरच येतोय. काढ म्हटलं तर आई म्हणाली, "तुझ्या मशीनसाठी हात मोकळे करू?" मग पट्टाच वर सरकवला.

डाव्या हाताचा उपाय थापताना चालला, पण पीठ मळताना दोन्ही हात लागतात, तिथे पुन्हा बोंब. म्हणून एमपीयूचा फिफो चालू केला. आता शिखर बरोब्बर थापेवर बसतं. उजव्याच हातात, थापताना पट्टा ८८ आणि छातीचा पट्टा ८६! (मामेभाऊ जिमला जातो, त्याचा आणला.)

एकच अडलंय. शेवटच्या भाकऱ्यांना आई दमते, थापा मिनिटाला नव्वदपर्यंत उतरतात, आणि तेवढ्यात नाडीही नव्वदच. तेव्हा आकडा भलतीकडेच पळतो.

जुना_सोल्डर:
तिथे फिल्टर भाकरीबरोबर नाडीही गिळतो. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की तो तरी काय वेगळं करणार. मागच्या काही सेकंदांचा आकडा लक्षात ठेव आणि शिखरं एकावर एक आली की नवं मानूच नकोस. दहा-पंधरा सेकंद तसंच राहिलं तर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा दाखव. खोट्या आकड्यापेक्षा त्या बऱ्या.

ज्वारी_सिग्नल:
रेघा टाकल्या. काल आईने हाक मारली, "बंद पडलं बघ तुझं." परातीत शेवटची भाकरी होती.