हायड्रोसच्या ड्रमला पाणी लागलंय, डायहाऊसवाले जरा सांगा

विट्याचा_धागा:
नमस्कार मंडळी, विट्यात सूत रंगवायच्या डायहाऊसमध्ये स्टोअर बघतो. व्हॅट कलर नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला कॉस्टिकबरोबर हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर) लागतंच, ५० किलोचे लोखंडी ड्रम येतात. पावसात पत्रा गळला आणि एका फोडलेल्या ड्रमात वरच्या पावडरचे खडे झालेत, आतली पिशवी कुणी बांधलीच नव्हती. आज झाकण काढलं तर काडी ओढल्यावर येतो तसला वास भसकन नाकात गेला, एक पोरगं खोकत बाहेर पळालं. ड्रम अजून गार आहे. शेठ म्हणतात वरचे खडे काढून टाक आणि खालचा माल चालव, काय होत नाही. चालतं का असं? आणि पेटलंच तर काय मारायचं, दारात वाळूच्या बादल्या आहेत.

रंगारी_पोऱ्या:
वाळू टाका, झाकण ठोका, विषय संपला. पाणी चुकूनपण नको, हायड्रोसला पाणी म्हणजे आग.

माधवनगरचा_मास्तर:
पोऱ्या, वाळूचं डोक्यातनं काढ. हायड्रोसला पेटत राहायला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळं दाबून, झाकून विझत नाही. सीओटूचा सिलिंडरपण कामाचा नाही. थोडं पाणी लागलं की तापतं हे खरं, पण पेटल्यावर त्याला पाणीच लागतं आणि ते मगानं शिंपडून नव्हे, लांबनं होज लावून धो धो. ड्रमवर यूएन १३८४ असा नंबर असतो बघा, धोकादायक मालाला देतात तो, त्याला इमर्जन्सी गाईडमध्ये हेच दिलंय.
आता विटेकर भाऊ तुमचं. खडे फोडू नका, सळी घालू नका, शेठना सांगा हा माल गेला म्हणून. १९९५ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडी गावात हायड्रोस आणि अ‍ॅल्युमिनियम पावडरच्या मिक्सरमध्ये पाणी शिरलं, माणसं आतला माल काढायला गेली आणि स्फोटात ५ जण गेले. ड्रम गार आहे तोवर उघड्यावर पण पाऊस लागणार नाही असा न्या, बाकीच्या ड्रमांपासून, अ‍ॅसिड, पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर सगळ्यापासून लांब. झाकण नुसतं वर ठेवा, रिंग आवळू नका, आत गॅस धरला तर दाब येतो. बाहेरनं हात लावून बघत राहा, कोमट जरी लागला किंवा धूर दिसला तर मग हलवाहलव नाही, वारा जिकडनं येतोय त्या बाजूला माणसं काढायची आणि फायर ब्रिगेडला १०१ लावायचा. कचऱ्यात किंवा गटारीत टाकू नका, सप्लायरला फोन करून एसडीएस (मालाच्या धोक्याची माहिती असलेला कागद) मागवा आणि विल्हेवाट त्यालाच विचारा.

विट्याचा_धागा:
धन्यवाद मास्तर, ड्रम शेडच्या बाहेरच्या पडवीत काढला, शेठ जरा फुगलेत पण असूद्या. आम्हाला मास्क कापडी दिलेत, चालतील?

माधवनगरचा_मास्तर:
कापडानं पावडर थोडीफार अडेल, गॅस नाही. तो सल्फर डायऑक्साइड आहे, अ‍ॅसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि चष्मा, रबरी हातमोजे. गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात, रंगाच्या व्हेसलच्या (टाकीच्या) खालच्या अंगाला साठतो. खोकणाऱ्या त्या पोराला दमा आहे का विचारा, असला तर त्याला हायड्रोसकडं पाठवूच नका. आणि मापटं कोरडं ठेवा. ओल्या बादलीतनं उरलेली पावडर परत ड्रमात टाकायची सवय हेल्परना असतेच असते, निम्मे ड्रम तिथंच बिघडतात. पावडर पाण्यात सोडायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.

गुऱ्हाळ_कराड:
मधेच विचारतो, आमच्याकडं गुळाला रंग यायला हायड्रोस मारतात ते हेच का? पिशवी चुलवाणाच्या कडेला उघडी पडलेली असते आणि गुळव्या ओल्या हातानंच मूठ मारतो.

माधवनगरचा_मास्तर:
हेच की. आजच्या आज पिशवी चुलवाणापासनं उचला राव. आणि गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम आहे, मुठीच्या अंदाजानं ती कशी सांभाळणार?

गुऱ्हाळ_कराड:
पिशवी हलवतो. पण भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गूळ काळपट दिसतो आणि अडत्या दर पाडतो, त्याचं काय ते पण सांगा कुणीतरी.