ऑडीच्या चार कड्यांमागे नेमके काय आहे?

नाशिककर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

१० मार्च १९८५ रोजी मी दहा वर्षांचा होतो. मेलबर्नच्या मैदानावर भारताने पाकिस्तानला आठ गडी राखून हरवले, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून रवी शास्त्री यांना ऑडी १०० ही गाडी मिळाली आणि सारा संघ त्या गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर बसून मैदानाची फेरी मारून आला. आमच्या वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून आम्ही ते पाहिले होते. तोवर परदेशी गाडी म्हटली की आम्हांला मर्सिडीज हे एकच नाव ठाऊक होते; त्या दिवसापासून चार कड्यांची खूण मनात बसली.

आता माझा भाचा एक जुनी ऑडी घ्यायचे म्हणतो आहे आणि त्या निमित्ताने माझे जुने कुतूहल पुन्हा जागे झाले आहे. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यांच्या पंक्तीला ऑडी बरीच उशिरा बसली असे वाचनात येते. मग या चार कड्या आल्या कुठून, मधली वर्षे ही कंपनी कुठे होती, आणि तिच्या आकर्षणात खरे अभियांत्रिकी कर्तृत्व किती आणि केवळ प्रतिष्ठेचा भाग किती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बव्हेरियावासी

गेली काही वर्षे मी दक्षिण जर्मनीत राहतो आणि त्स्विकाउ येथील आउगुस्ट हॉर्श संग्रहालय दोनदा पाहून आलो आहे. ते ऑडीच्या मूळ कारखान्याच्या जागेवरच उभे आहे, त्यामुळे या प्रश्नाविषयी मला विशेष आत्मीयता आहे.

आउगुस्ट हॉर्श यांचा जन्म १८६८चा, मोझेल नदीकाठच्या विनिंगेन गावातला. मानहाइम येथे कार्ल बेन्झ यांच्याकडे काम केल्यावर त्यांनी १८९९ मध्ये कोलोन शहरात स्वतःची कंपनी काढली आणि पुढे १९०४ मध्ये ती सॅक्सनीतील त्स्विकाउ येथे नेली. त्यांच्या गाड्यांचे नाव झाले, परंतु संचालक मंडळाशी बिनसल्यामुळे १९०९ मध्ये त्यांना आपल्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. त्यांनी त्याच गावात दुसरी कंपनी काढली आणि तिलाही आपलेच नाव दिले, तेव्हा जुन्या कंपनीने दावा लावला आणि न्यायालयाने त्यांना स्वतःचे आडनाव वापरण्यास मनाई केली. पुढची हकिकत अशी सांगतात की, नवे नाव काय ठेवावे याची चर्चा फिकेन्चर या स्नेह्यांच्या घरी चालू असताना, कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत बसलेला त्यांचा मुलगा म्हणाला, ‘हॉर्श’चे लॅटिन भाषांतर का करू नये? जर्मन भाषेत ‘हॉर्श’ म्हणजे ‘ऐक’, आणि लॅटिनमध्ये त्याच आज्ञेचा शब्द आहे ‘आउडी’, म्हणजेच आपली ऑडी. १९१० पासून हेच नाव कंपनीला लागले. म्हणजे हॉर्श यांचे आडनाव गेले, पण अर्थ मात्र राहिला.

चार कड्या त्यानंतर बावीस वर्षांनी आल्या. जागतिक मंदीत सॅक्सनीतील वाहन उद्योग मोडकळीस आला, तेव्हा तेथील राज्य बँकेच्या पुढाकाराने जून १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर या चार नावांची मोट बांधून ऑटो युनियन ही कंपनी उभी करण्यात आली. एकमेकांत गुंफलेल्या चार कड्या म्हणजे ही चार नावे. यांतील डीकेडब्ल्यू ही डॅनिश उद्योजक रासमुसेन यांची कंपनी मोटारसायकलींसाठी जगप्रसिद्ध होती, वांडररने सायकलींपासून सुरुवात केली होती, आणि आज आपण ज्याला आलिशान गाडी म्हणतो तो मान त्या काळी हॉर्शकडे होता, ऑडीकडे नव्हे. ज्या कंपनीने संस्थापकाला बाहेर काढले आणि जिच्यामुळे ऑडीला वेगळे नाव घ्यावे लागले, ती हॉर्श अशा रीतीने ऑडीच्या शेजारी एकाच खुणेखाली आली. मला या इतिहासातील हा योगायोग सर्वांत हृद्य वाटतो.

ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांविषयी एकच सांगतो. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या त्या गाड्यांचे सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते, आणि ही मांडणी शर्यतींच्या जगात सर्वमान्य होण्यास पुढे दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

यंत्रप्रेमी, चिंचवड

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मधली वर्षे कुठे गेली, या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो.

महायुद्धानंतर सॅक्सनी सोव्हिएत ताब्यात गेले, कारखाने उखडून नेण्यात आले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव तेथील नोंदवहीतून कायमचे खोडले गेले. त्स्विकाउच्या त्याच परिसरात पुढे पूर्व जर्मनीची ट्राबांट ही छोटी गाडी तयार होऊ लागली. पश्चिमेकडे आलेल्या माणसांनी बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे आधी सुट्या भागांचे भांडार थाटले आणि सप्टेंबर १९४९ मध्ये कर्जाच्या आधारावर नवी ऑटो युनियन उभी केली. परंतु त्यांच्या गाड्या डीकेडब्ल्यूच्या नावाच्या आणि दोन-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. ऑडी हे नाव तेव्हा कोणाच्याही गाडीवर नव्हते. १९५८ मध्ये डाइमलर-बेन्झने ही कंपनी घेतली, आणि १९६४च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने ती फोक्सवॅगनकडे गेली. १९६५ साली चार-स्ट्रोक इंजिनाची नवी गाडी आली, तेव्हा धूर ओकणाऱ्या दोन-स्ट्रोकची आठवण पुसण्यासाठी ऑडी हे विस्मरणात गेलेले नाव पुन्हा वर काढण्यात आले.

त्यानंतरचा प्रसंग मला या कंपनीचा खरा जन्म वाटतो. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइनरिश नॉर्डहॉफ यांना इंगोलश्टाटचा कारखाना मुख्यतः बीटल या आपल्या छोट्या गाडीच्या जुळणीसाठी हवा होता आणि तेथे नवे मॉडेल आखू नये, असा त्यांचा स्पष्ट आदेश होता. डाइमलर-बेन्झकडून आलेले अभियंते लुडविग क्राउस यांनी तरीही वरिष्ठांना न कळवता एक मोठी गाडी आखली. ती पाहिल्यावर मात्र नॉर्डहॉफ यांनी संमती दिली, आणि १९६८ मध्ये ऑडी १०० बाजारात आली. ही गाडी चालली नसती तर ऑडी हे नाव बहुधा फोक्सवॅगनच्या उदरात जिरून गेले असते.

चारचाकी ओढीची, म्हणजे क्वात्रोची, सुरुवातही अशीच झाली. १९७७च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना योर्ग बेन्सिंगर यांच्या लक्षात आले की, लष्करासाठी तयार केलेली, अवघ्या ७५ अश्वशक्तीची फोक्सवॅगन इल्टिस त्यांच्या कितीतरी शक्तिमान ऑडींना मागे टाकते आहे. तोवर चारचाकी ओढीसाठी जीपसारखा वजनदार ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत शक्ती वाटणारी वेगळी पेटी, लागत असे. ऑडीचे इंजिन मात्र लांबीच्या दिशेने बसवलेले आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, त्यामुळे गिअरबॉक्समधील एक शाफ्ट पोकळ करण्याची युक्ती साधली. या पोकळ शाफ्टमधून शक्ती आधी मागच्या टोकाच्या मधल्या डिफरन्शियलकडे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरसंचाकडे, जाते. तेथून एक वाट मागच्या चाकांकडे निघते, तर दुसरी त्याच पोकळीच्या आतून पुढच्या चाकांकडे परत येते. मोठी जागा नको, फारसे वजन नको. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली, आणि १९८१ मध्ये मिशेल मूतों यांनी तिच्यातून सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली मालिकेतील फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

नाशिककर, आपण टीव्हीवर पाहिलेली ऑडी १०० ही त्यानंतरच्या पिढीची. १९८२ मध्ये आलेल्या त्या गाडीच्या खिडक्यांच्या काचा पत्र्याशी समतल बसवल्या होत्या आणि तिचा वायुरोध गुणांक (हवा गाडीला किती अडवते याचे माप) ०.३० इतका खाली आणला होता. लाकडी फळ्या आणि क्रोम न वाढवता, हवा कापणाऱ्या आकाराने गाडी श्रेष्ठ ठरवता येते, हे ऑडीने तेव्हा दाखवून दिले. माझ्या मते तिचे आकर्षण येथे आहे.

सावध वाचक

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु हा इतिहास अर्ध्यावर सोडू नये असे मला मनापासून वाटते.

युद्धकाळात ऑटो युनियनने छळछावण्यांतील कैद्यांना आणि वेठबिगारांना मोठ्या प्रमाणावर राबवले. आजच्या चेक प्रजासत्ताकातील लाइटमेरित्स येथे भूमिगत कारखान्यात रणगाड्यांची इंजिने बनवण्यासाठी आणलेले हजारो कैदी मृत्युमुखी पडले. ऑडीनेच इतिहासकारांकडून करवून घेतलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपनीची नैतिक जबाबदारी स्पष्टपणे नोंदवलेली आहे. कंपनीने हे स्वतः उजेडात आणले याचे श्रेय तिला द्यावे. चार कड्यांकडे पाहताना तेही आठवावे.

दुसरी बाब डिझेलची. २००६ मध्ये ऑडीच्या डिझेल गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. डिझेल इंजिनाला असे यश पूर्वी कधीच मिळाले नव्हते. त्याच तंत्राच्या नावाने विकलेल्या गाड्यांत उत्सर्जन चाचणीला फसवणारी संगणकप्रणाली असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, आणि २०२३ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी प्रमुखांना फसवणुकीबद्दल निलंबित कारावास आणि दंड सुनावला. ज्यांनी त्या इंजिनावर प्रेम केले, त्यांना हा विश्वासघात अधिक लागला. मी त्यांच्यापैकी एक आहे.

जुन्या गाडीचा मालक, संभाजीनगर

आमच्या शहराजवळील शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात ऑडीची जुळणी होते, त्यामुळे येथे या गाडीविषयी घरचा जिव्हाळा आहे. आपल्या भाच्यासाठी मी केवळ व्यवहाराचे सांगतो.

ऑडीच्या मोठ्या गाड्यांत इंजिन पुढच्या आसाच्या बरेच पुढे असते. त्यामुळे पावसात आणि घाटात पकड उत्तम मिळते, पण नाक जड राहते, आणि वळणावर गाडी बीएमडब्ल्यूइतकी चपळपणे वळत नाही. तीन लिटरच्या व्ही-सिक्स डिझेल इंजिनात टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर राखणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिचा खडखडाट सुरू झाला तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावाचून काम होत नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत एका कार्यशाळेने हा आवाज किरकोळ म्हणून सोडून दिला आणि वर्षभराने मला गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खर्च आला. म्हणून गाडी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी आणि पहिले काही क्षण कान देऊन ऐकावे. सर्व्हिसची कागदपत्रे अपुरी असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी सोडून द्यावी.

नाशिककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी वर्षे मी त्या चार कड्यांना केवळ शोभेची खूण समजत होतो.

भाच्याने पाहिलेली गाडी नेमकी तीन लिटर डिझेलच आहे आणि विक्रेत्याने आम्हांला दुपारी चार वाजता बोलावले होते. मी आताच दूरध्वनी करून कळवले आहे की, आम्ही रविवारी सकाळी सहाला येऊ आणि आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये.

जुन्या गाडीचा मालक, संभाजीनगर

बॉनेटवर हात ठेवून पाहा. पत्रा कोमट लागला तर त्या दिवशी परत या.