मदत हवी आहे : पीसी चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही (शाहूपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. घरीच डीटीपीचं काम करतो. गणपती तोंडावर आलेत, तीन तालमींची पावतीपुस्तकं आणि एका मंडळाचा अहवाल अंगावर आहे, आणि नेमकं आत्ताच मशीन रुसलंय.

कुंभार गल्लीच्या जवळ राहतो. २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलेलं असल्यामुळं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या, म्हणजे इशाऱ्याच्या वर गेली की आमच्याकडं धोक्याच्या ४३ ची वाट कोण बघत नाही. कुंभारांनी मूर्ती हलवायला घेतल्या की आम्हीपण आवरायला लागतो. यंदा कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून पोटमाळ्यावर चढवला. पाणी काय आलं नाही. पाच दिवसांनी खाली आणून जोडला, तर ही गत.

बटण दाबलं की आतले दोन्ही पंखे फिरतात, समोरचा दिवा लागतो. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं आणि जरा वेळानं तोही झोपतो. बीप वगैरे काही नाही. कीबोर्डवर नम लॉक दाबलं तर दिवा लागत नाही.

मशीन : चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच८१ बोर्ड, डीडीआर-३ च्या ४-४ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज नंतर टाकलेल्या एसएसडीवर आहे, काम सगळं जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर.

केबल बदलून बघितली. मॉनिटर पोरीच्या लॅपटॉपला लावला तर झकास चालतोय. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला बोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. उघडून बघितलंपण नाही हो! बोर्ड खरंच गेलाय का, हे घरी कसं कळंल? आणि हार्ड डिस्कमधल्या फाइल्स गेल्या का?

प्रतिसाद (मिसळ-कट)
आधी जीव भांड्यात पडू दे. डिस्प्ले न येण्याचा आणि हार्ड डिस्कमधल्या फाइल्सचा काही संबंध नाही. फारच घाई असेल तर ती डिस्क काढून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेल्या सॅटा-यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावा, फाइल्स दिसतील.

दादा, पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस (आतल्या भागांना करंट देणारा डबा) ठणठणीत आहे असं मात्र समजू नका. प्रोसेसरजवळ चार पिनांची वेगळी केबल येते, ती हलवाहलवीत सैल झाली तरी पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळीच राहते. ती आणि २४ पिनांची मोठी केबल दाबून बघा.

लेखक
दोन्ही दाबल्या. घट्ट आहेत. फरक नाही.

प्रतिसाद (राजारामपुरीकर)
मला प्लास्टिकच्या कागदाचीच शंका येते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गुंडाळलं की आतली ओल आतच कोंडते. आज अजिबात करंट देऊ नका. बाजूचं झाकण काढून रात्रभर पंख्याखाली ठेवा.

उद्या वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग दोन्ही रॅम काढा. सोनेरी दातांवरून शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा. हे बोर्डापासून लांब करा, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. सँडपेपर लावणारे महाभाग मी बघितलेत, तसलं काही करू नका, मुलामा निघून जातो. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. मग एकच रॅम एका स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंना ‘कट’ आवाज येईपर्यंत. डिस्प्ले नाही आला तर दुसरा स्लॉट, मग दुसरी रॅम. चार जोड्या होतात, चारही बघा. दर वेळी वायर काढूनच.

प्रतिसाद (मिसळ-कट)
+१. आणि बोर्डाला बारका स्पीकर लावा, जुन्या कॅबिनेटमध्ये असतो. दोन्ही रॅम काढून मशीन चालू केलं आणि तो ओरडला, तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत असं समजा. बीप किती आणि कसे, ते बोर्डागणिक वेगळं असतं, त्यात डोकं घालू नका. ओरडला हेच पुष्कळ.

लेखक
माळ्यावरच्या जुन्या डब्यातला स्पीकर काढून लावला. रॅम न घालता बटण दाबलं आणि काय ओरडलंय! बायको स्वयंपाकघरातनं पळत आली. म्हणजे बोर्ड जिवंत!

रॅमचे दात जवळून बघितले तर सोनेरी कमी, चहाच्या डागासारखे जास्त. घासल्यावर रबर काळं झालं. पहिली रॅम पहिल्या स्लॉटमध्ये : काही नाही. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये : डिस्प्ले आला!!! पण आनंद दोनच मिनिटं टिकला. आधी एफ-१ दाबायला सांगितलं, तारीख २०१४ ची. एफ-१ दाबलं तर काळ्या पडद्यावर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. आता एसएसडी गेली का काय?

प्रतिसाद (राजारामपुरीकर)
नाही गेली. तारीख २०१४ ची दाखवतंय तिथंच सगळं आलं. बोर्डावरचा गोल सेल संपलाय, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो बऱ्याच दिवसांपूर्वी संपला असणार. तुमचं बटण भिंतीत कायम चालू असायचं, त्यामुळे घड्याळाला एसएमपीएसमधून करंट मिळत राहिला आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. पाच दिवस वायर काढून ठेवल्यावर बोर्ड सगळं विसरला. बूटचा क्रमही, म्हणजे विंडोज आधी कुठल्या डिस्कवर शोधायचं ते. आता तो विंडोज शोधायला तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवर जातोय, तिथं विंडोजच नाही.

नवीन सेल घाला, लिहिलेली बाजू वर. मग चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ बसवा, बूटच्या यादीत एसएसडी पहिली करा, एफ-१० नं सेव्ह करा. यादीत एसएसडी दिसलीच नाही तर तिची केबल दाबा.

लेखक
सेल लक्ष्मीपुरीतनं आणला. यादीत एसएसडी दुसऱ्या नंबरवर होती, वर घेतली आणि विंडोज उघडलं. श्रीलिपीचा (मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा) डोंगल लावला, पावतीपुस्तकाची फाइल जशीच्या तशी. लई उपकार झाले.

एकच राहिलं. पहिल्या स्लॉटमध्ये कुठलीच रॅम चालत नाही, ब्रश मारूनपण. ४ जीबीवर कोरल ड्रॉ रडतंय. दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच ८ जीबीची टाकली तर चालंल का?

प्रतिसाद (मिसळ-कट)
चालेल. डीडीआर-३ च घ्या, डीडीआर-४ त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जुनी घेणार असाल तर दुकानातच मशीन नेऊन लावून बघा. आणि पैसे द्यायच्या आधी एकदा पहिल्या स्लॉटमध्ये टॉर्च मारा, एखादी पिन वाकलेली दिसते का बघा.

लेखक
टॉर्च मारला. रबराचा चुरा होता. 🙏 आता दोन्ही चालू आहेत.