पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या जिल्ह्यांत राज्य नव्यानं बसवलं कसं?

बाळीवेसचा_वाचक

आमच्या वाचन कट्ट्यावर मला बोलायचंय. विषय आहे, मोठ्या उलथापालथीनंतर समाज परत उभा कसा राहतो. जर्मनी आणि जपानवर वाचून झालंय. तारखा मांडताना एक गंमत दिसली. जर्मनीत 20 जून 1948 ला जुनं चलन मोडीत काढून नवा मार्क आणला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 13 सप्टेंबरला, आपल्या सोलापुरातून निघालेलं सैन्य नळदुर्गवरून निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेलं, तीच पोलीस ॲक्शन. 17 ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली, 18 ला शरणागती. आमच्या क्रमिक पुस्तकातला धडा इथं संपतो.

मला पुढचं हवंय. 19 तारखेला सकाळी तहसील कचेरीत कोण बसलं? बाजारात नाणं कुठलं चाललं? शेतसारा कुणाकडं भरला? तुळजापूर, उमरगा, लातूरकडच्या कुणाला माहिती असेल तर सांगा. भाषणं नकोत, तपशील द्या.

जुनी_मिल_चाळ

राज्य बसवणं म्हणजे हाताला काम देणं. इथं सोलापुरात 1877 ला गिरणीचा भोंगा वाजला. हद्दीपलीकडं तसं काय होतं? म्हणून तिकडची माणसं पोटासाठी इकडं आली. मराठवाड्याला विद्यापीठ मिळायला 1958 उजाडलं. दहा वर्षं गेली की ओ मधली. बसवलं म्हणायचं कशाला?

कोर्टाजवळचा_दस्तलेखक

वाचकभाऊ, कोर्टाबाहेर टेबल टाकून दस्त लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. तुळजापूर, लोहारा, उमरग्याकडचे लोक वाटणीचे, वारसाचे कागद घेऊन यायचे. जमीन तिकडं, निम्मे भाऊबंद इकडं सोलापुरात. त्यामुळं तुम्ही विचारताय तो काळ मी कागदांवरच पाहिलाय. चाळवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, पण गिरणी नंतरची गोष्ट. आधी माणसाला हे कळायला लागतं की आपली पावती कुठं चालेल.

गावात पाटील-पटवारी तेच राहिले. वतनदार होते, ते कुठं जाणार? बदल झाला तो वरच्या मजल्यावर. जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि त्यांच्या हाताखाली मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणून बसवले. 26 जानेवारी 1950 पासून वेल्लोडी मुख्यमंत्री, तेही सनदी अधिकारीच. लोकांनी निवडलेलं बुर्गुल रामकृष्ण राव यांचं सरकार 1952 च्या मार्चमध्ये आलं. मधली साडेतीन वर्षं परगावचे साहेब होते. त्याच वर्षी वरंगळ-हैदराबादला मुलकी, म्हणजे स्थानिकांचं, आंदोलन पेटलं, बाहेरच्या माणसांनी नोकऱ्या घेतल्या म्हणून. बाहेरून आणलेली माणसं गाडा चालू करून देतात, पण त्यांना किती दिवस ठेवायचं हे वेळेत ठरवावं लागतं. तिथं ते ठरलं नाही असं माझं मत.

नाण्याचं विचारलंत. निजामाचा हाली सिक्का आणि आपला कलदार, म्हणजे भारतीय रुपया; भाव सात हालीला सहा कलदार. 1950 ला भारतीय रुपया रीतसर आला, 1951 ला हाली काढणं बंद झालं, पण तो कायद्यानं बाद व्हायला 1959 उजाडलं. म्हणजे कितीतरी वर्षं दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली. त्या काळातल्या दस्तात रक्कम लिहिली की पुढं ‘हाली’ का ‘कलदार’ हे लिहावंच लागे. ज्यानं लिहिलं नाही त्याच्या नातवंडांनी वकिलाची फी भरली.

तुमच्या जर्मनीत हे एका रविवारी उरकलं. माणशी चाळीस मार्क हातात दिले, आणि बँकेत शंभर होते त्याच्या हाती शेवटी साडेसहा राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानं मालानं भरली हे सगळे सांगतात. कारण दुकानदारानं माल दाबून ठेवला होता! माल, घर, जमीन ज्याच्याकडं होती तो तरला, बचत करणारा बुडाला. तेव्हा आपल्याकडचा सावकाशपणा सगळाच वाईट नव्हता. मडक्यात हाली पुरून ठेवलेल्या म्हातारीला ती उकरून काढायला सवड मिळाली.

आता जमीन. आधी निजामाची खासगी मालमत्ता, म्हणजे सर्फेखास, सरकारजमा झाली. मग 15 ऑगस्ट 1949 ला जहागिऱ्या गेल्या. जहागीरदारांना पुढच्या वर्षी भरपाईचा कायदा मिळाला. 1950 ला कूळ कायदा आला आणि त्यात ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा. पुढं 38-ई कलमाखाली अशा कुळांना मालकीचं प्रमाणपत्र. कागदावर हे जपाननं युद्धानंतर केलेल्या जमीनवाटपाच्या तोडीचं. पण जपानात सरकार मध्ये पडलं: मालकाकडून जमीन स्वतः विकत घेतली आणि कुळाला विकली. इथं बऱ्याच ठिकाणी कुळानं ‘राजीखुशीनं’ जमीन सोडल्याचे राजीनामे झाले. राजीखुशीचे ते कागद मी वाचलेत. अंगठा कुळाचा, भाषा मालकाची. ज्या कुळाचं नाव नोंदीत आलं त्याचं घराणं तरलं. ज्याचं आलं नाही तो सालगडी झाला, नाहीतर चाळवाल्यांच्या गिरणीत आला.

म्हणून 1954 चं खासरा पत्रक फार मोलाचं. कोणत्या सर्व्हे नंबरात कोण कसतंय याची नव्या राजवटीतली ती ठळक नोंद. शाळा, रस्ते, विद्यापीठ सगळं महत्त्वाचं आहे, पण मला विचाराल तर मराठवाड्यात नवं राज्य खरं बसलं ते या पत्रकाच्या रकान्यांत. जिथं रकाना कोरा राहिला तिथं जुनंच राज्य चालू राहिलं.

होटगी_नाका

दस्तलेखक काका, जमिनीचं बोललात, माणसांचं राहिलं. रझाकारांच्या जुलमानं 47-48 ला तिकडची हिंदू कुटुंबं सोलापूर-बार्शीला आली हे सगळ्यांना पाठ आहे. खरंच आहे ते. पण ॲक्शननंतर माझ्या आईकडची माणसं नेसत्या कपड्यांनिशी इकडं आली, ती मुसलमान होती म्हणून. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलालांची समिती 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात फिरली. अगदी हात राखून केलेला त्यांचा अंदाज 27,000 ते 40,000 मृत्यूंचा. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. चारांतले दोन तर सोलापूरला खेटून. अहवाल कित्येक दशकं बासनात होता, 2013 च्या सुमारास दिल्लीत वाचायला मिळू लागला. वाचकभाऊ, हे तुमच्या भाषणात येणार आहे का?

बाळीवेसचा_वाचक

येणार. आकडे मला माहीत नव्हते. काका, लुटलेल्यांना भरून देण्यासाठी जर्मनीत 1952 चा कायदा झाला, ज्यांची मालमत्ता वाचली त्यांच्यावर निम्म्या किमतीचा बोजा, तीस वर्षांच्या हप्त्यांनी. पूर्वेकडून हाकललेल्या लाखो लोकांना त्यातून पैसे मिळाले. आपल्याकडं असं काही?

कोर्टाजवळचा_दस्तलेखक

होटगी नाका, तुमचं बरोबर आहे. तुमच्याकडच्यांसारखे कागद माझ्या टेबलावर कमीच आले, कारण पळून आलेल्या माणसाकडं कागदच नसतो.

वाचकभाऊ, जर्मनीसारखा बोजा इथं कुणावर बसला नाही, ना या बाजूच्या लुटीसाठी ना त्या बाजूच्या. जहागीरदाराला भरपाईचा कायदा होता, घर जळालेल्याला त्या तोडीचा कायदा नव्हता. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याच्यावर खटले चालले, तो 1957 पर्यंत तुरुंगात होता, सुटल्यावर पाकिस्तानात गेला. एका माणसाला शिक्षा झाली की हिशेब मिटला असं मानणं सरकारला सोयीचं पडतं. गावात मात्र ज्याच्या दारात दुसऱ्याची चौकट लागली होती ते दोघं एकाच विहिरीवर पाणी भरत राहिले.

रवांडा_वाचलंय

थोडं विषयांतर. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर साध्या कोर्टांना झेपेना म्हणून गावोगाव ‘गचाचा’ पंचायती बसवल्या. सुमारे 12,000 पंचायती, 19 लाखांच्या आसपास प्रकरणं, 2012 ला बंद. साक्षीदारांवर दबाव, सत्ताधारी बाजूच्या लोकांचे गुन्हे बाजूला ठेवणं, असे आक्षेप भरपूर आहेत. पण निदान तोंडासमोर बोलावं तरी लागलं.

उमरगेकर

आमच्याकडं दुसरी उलथापालथ 30 सप्टेंबर 1993 ची, किल्लारीचा भूकंप. 52 गावं नव्या जागेवर नेली. घरं दिली ती जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. आणि प्रत्येक आकाराच्या घरांची रांग वेगळी. जुन्या गावात वाडा आणि झोपडी भिंतीला भिंत लावून तरी होते. नव्या आखणीत कोण कुठल्या थरातला हे रस्त्यावरून दिसायला लागलं. काकांनी सांगितलेल्या रकान्याचंच हे सिमेंटमधलं रूप आहे. खासऱ्यात ज्याच्या आजोबांचं नाव चढलं नाही, तो 93 ला अडीचशे फुटांत.

बाळीवेसचा_वाचक

उमरगेकर, हे घेतो. काका, शेवटचं एक. आमचं मूळ गाव नळदुर्गच्या पुढं आहे. 54 चा खासरा बघायचा असेल तर?

कोर्टाजवळचा_दस्तलेखक

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात आजचा गट नंबर लिहू नका, एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर लागतो. तो जुन्या फेरफारावर सापडेल. त्यामागचे कागद हवे असतील तर उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस गाठा. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला समिती बसली तेव्हापासून अशा माणसांना भाव आलाय, तेव्हा पैसे आधी ठरवून घ्या. आणि तारीख फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सनातली, असेल तर त्यात 590 मिळवा, 1357 फसली म्हणजे 1947-48.