मदत हवी आहे : स्वॅप बदलल्यापासून लिनक्स इमर्जन्सी मोडमध्येच अडकते

निळीशाई : स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा) २ जीबीवरून ८ जीबी केले आणि रीस्टार्ट केल्यापासून यंत्र सुरूच होत नाही. पडद्यावर दीड मिनिटापर्यंत सेकंद मोजले जातात, मग इमर्जन्सी मोडचा (फक्त दुरुस्तीपुरत्या सुरुवातीचा) संदेश येतो आणि रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, पासवर्ड मागितला जातो. स्वॅपखेरीज मी कशालाही हात लावलेला नाही. प्रबंधाच्या सगळ्या फायली याच डिस्कवर आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगा.

रात्रपाळी : डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणते, आधीचे स्वॅप पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) होते की फाइल, आणि आपण नेमके कोणते आदेश दिलेत? दीड मिनिट ज्या डिव्हाइसची वाट पाहिली जाते त्याचे नावही लिहा, कारण उत्तर बहुधा त्यातच आहे.

जुनाखांब : रॅम १६ जीबी असेल तर स्वॅप काढूनच टाका. मी कित्येक वर्षे स्वॅपशिवाय काम करतो आहे आणि मला कधीही अडचण आलेली नाही.

रात्रपाळी : स्वॅप असावे की नसावे, हे त्यांनी विचारलेलेच नाही. हायबरनेट (रॅममधले सारे डिस्कवर ठेवून यंत्र बंद) करायचे असेल तर ते लागतेच, पण आत्ता यंत्र सुरू होणे महत्त्वाचे आहे.

निळीशाई : डेबियन आहे. जुने स्वॅप एसडीए५ वर, म्हणजे डिस्कच्या ५ क्रमांकाच्या पार्टिशनवर, होते. स्वॅपऑफने ते बंद करून पार्टिशन काढून टाकले, रूट पार्टिशनवर (जिथे मूळ प्रणाली असते) ८ जीबीची फाइल तयार केली, तिला स्वॅपचे रूप देणारे एमकेस्वॅप चालवले आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचे त्या यादीच्या फाइलमध्ये) तिची ओळ घातली. त्यानंतर स्वॅपऑन व्यवस्थित झाले होते. वाट एसडीए६ ची पाहिली जाते, पण ते तर माझे होम (माझ्या फायलींचे पार्टिशन) आहे आणि त्याला मी स्पर्शही केलेला नाही.

दुसरीओळ : एफएसटॅबमधली जुनी ओळ अजून एसडीए५ मागत असणार. एसडीए५ वर पुन्हा एमकेस्वॅप चालवा, माझे काम तेवढ्यानेच झाले होते.

रात्रपाळी : निळीशाई, कृपया तो आदेश मुळीच देऊ नका! एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीच्या डिस्कवर ५ पासून पुढचे क्रमांक लॉजिकल (एका मोठ्या पार्टिशनच्या आत केलेल्या) पार्टिशनांचे असतात आणि ते साखळीतल्या जागेवरून ठरतात; मधले एक काढले की पुढची सगळी एकेका क्रमांकाने खाली सरकतात. काल जे एसडीए६ होते ते रीस्टार्टनंतर एसडीए५ झाले असावे, म्हणजे आज एसडीए५ हेच आपले होम आहे. बीएलकेआयडी (पार्टिशनांची यादी दाखवणारा आदेश) चालवून काय दिसते ते सांगा.

दुसरीओळ : पण चालू फाइलसिस्टिमवर (पार्टिशनवर फायली ठेवण्याच्या रचनेवर) एमकेस्वॅप नकार देते, त्यामुळे इतका धोका नाही.

रात्रपाळी : नकार मिळतो तो माउंट झालेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, पार्टिशनवर. इथे होम माउंट होत नाही हीच तर तक्रार आहे, त्यामुळे तो आदेश एक्स्ट४ चा (होमच्या फाइलसिस्टिमचा) मुख्य सुपरब्लॉक, म्हणजे तिच्या रचनेची मूळ नोंद, नकार न देता पुसून टाकील.

निळीशाई : आपले म्हणणे बरोबर निघाले. एसडीए५ समोर 'एक्स्ट४' असे दिसते आणि एसडीए६ यादीतच नाही. आता काय करू?

रात्रपाळी : रूट केवळ वाचनासाठी माउंट असेल तर आधी ते लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करा. एफएसटॅबची प्रत काढून ठेवा, जुन्या स्वॅपच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घाला (म्हणजे ती वाचली जाणार नाही) आणि होमच्या ओळीत एसडीए६ ऐवजी बीएलकेआयडीने दाखवलेला यूयूआयडी (त्या पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहा. पार्टिशनचा क्रमांक सरकला तरी तो बदलत नाही. रीस्टार्टपूर्वी 'फाइंडएमएनटी' हा आदेश 'व्हेरिफाय' पर्यायासह चालवलात तर एफएसटॅबमधली चूक तिथेच दिसेल.

निळीशाई : यंत्र सुरू झाले, प्रबंध जागेवर आहे. मनापासून आभार. मात्र सुरुवातीला अजूनही सुमारे अर्धा मिनिट सस्पेंड-रिझ्यूम डिव्हाइसची (हायबरनेटमधून परतण्यासाठीच्या स्वॅपची) वाट पाहिली जाते.

रात्रपाळी : इनिटरॅमएफएसच्या (यंत्र सुरू होताना आधी वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिमच्या) मांडणीत 'रिझ्यूम' नावाच्या फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी राहिला आहे. हायबरनेट वापरत नसाल तर तिथे त्याऐवजी 'नन' लिहा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा.